तेजोमेघांचे रंग आणि औचित्याचा प्रश्न

आपल्या काव्यशास्त्रात अतिशयोक्ती हा दोष नसून अलंकार मानला गेला आहे. कवी विरहिणीच्या अश्रूंनी नदीला पूर आणतो, तेव्हा वाचक नदीची पातळी मोजण्यास जात नाही. हे वाढवून सांगितलेले आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. उभयतांमधला हा अलिखित करार शाबूत असेपर्यंत अतिशयोक्ती शोभा देते. ज्या क्षणी ऐकणारा तिला वस्तुस्थिती समजू लागतो, त्या क्षणी ती अलंकार राहत नाही, असत्य होते. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्यातील औचित्याला रसाचे जीवित म्हटले. प्रस्तुत लेखात त्याच कसोटीवर आम्ही काव्य नव्हे, तर हौशी खगोलछायाचित्रकारांची तेजोमेघांची चित्रे पारखून पाहणार आहोत.

हा विषय आमच्या वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. एके काळी तेजोमेघाचे छायाचित्र ही मोठ्या वेधशाळेची मिरास होती. न्यूयॉर्कजवळील आपल्या वेधशाळेतून हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा सुमारे पन्नास मिनिटे काचेच्या पट्टीवर प्रकाश साठवावा लागला होता. आज एक लहान दुर्बीण, पृथ्वीच्या फिरण्याबरोबर वळणारे बैठे यंत्र, एक कॅमेरा आणि संगणक एवढ्या सामग्रीवर इमारतीच्या गच्चीवरून ड्रेपरपेक्षा पुष्कळ सरस चित्र काढता येते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशाची गोडी लावीत आली आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर रात्र-रात्र जागवून कित्येक पिढ्यांना तारे ओळखायला शिकविले. त्या परंपरेतूनच आजची मुले कॅमेऱ्याकडे वळली आहेत. ती आपल्याच घरांतली मुले आहेत, आणि त्यांची चित्रे आपल्याच मोबाइलवर येतात.

आमच्यापुढे आज अशी दोन चित्रे आहेत. दोन्ही काल्हेरच्या एका तरुणाने आपल्या इमारतीच्या गच्चीवरून, जानेवारीतील चार रात्रींत घेतलेल्या एकाच साहित्यातून सिद्ध केली आहेत. विषय तोच, ड्रेपरचा: मृगातील तेजोमेघ, ज्याला ज्योतिषी एम ४२ म्हणतात. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या खाली आणखी एक फिकट ओळ लोंबते. तिच्यातला मधला तारा नीट पाहिला तर तारा नसून धुरकट ठिपका असल्याचे ध्यानात येते. तो ठिपका म्हणजे सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला, नवे तारे जन्माला घालणारा वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग होय.

काल्हेरचे आकाश कसे आहे हे भिवंडी-ठाणे रस्त्याने रात्री गेलेल्या कोणासही सांगावयास नको. गोदामांच्या दारांवरचे झगझगीत दिवे, ट्रकांची अखंड रांग, खाडीपलीकडे ठाण्याचे उंच मनोरे; या उजेडात आकाशगंगेचा पट्टा दिसण्याची आशाच नाही. म्हणून या तरुणाने दुर्बिणीपुढे असा फिल्टर लावला, की ज्यातून तेजोमेघाचे दोनच प्रमुख प्रकाश आत यावेत: हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा गडद तांबडा आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा. प्रत्येकी तीन मिनिटांची १२० छायाचित्रे, म्हणजे सहा तासांचा प्रकाश, त्याने संगणकावर एकमेकांवर रचला. अशा रचनेत खरा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो आणि कॅमेऱ्याची खरखर मात्र जागा बदलत राहते. त्यामुळे चित्रांची संख्या जसजशी वाढते, तसतशी खरखर त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. १२० चित्रांनी ती सुमारे अकरा पटींनी कमी होते. एवढे झाले तरी संगणकावर दिसते ते जवळजवळ काळे चौकोनी पान. तेजोमेघाचा सारा प्रकाश त्या काळोखाच्या तळाशी दडलेला असतो. तो वर ओढून काढणे, शहराच्या उजेडाची झाक वजा करणे, रंगांचा तोल सावरणे ही पुढची कामे. म्हणजेच प्रक्रिया केल्यावाचून चित्रच नाही. ‘आम्ही काहीही केले नाही, जसे दिसले तसे दिले’ असे म्हणणारा खगोलछायाचित्रकार एक तर अजाण असतो, नाही तर अप्रामाणिक.

आता चित्रांकडे वळू. पहिले चित्र डोळे दिपविणारे आहे. पार्श्वभूमी शाईसारखी काळीभोर. तिच्यावर किरमिजी, जांभळ्या आणि निळ्या ज्वाळांचा कल्लोळ. मेघाची प्रत्येक घडी सुरीने कोरल्यासारखी धारदार. ते परिचितांकडे फिरले तेव्हा त्याच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला. दुसरे चित्र त्यामानाने शांत आहे. पार्श्वभूमी करडी काळी, तांबडा रंग विटकरीकडे झुकणारा, गाभा किंचित हिरवट. त्याला ‘छान’ असे दोन-तीन अभिप्राय मिळाले आणि ते मागे पडले. आता परगण्याच्या सणानिमित्त भरणाऱ्या छोट्याशा प्रदर्शनात यांपैकी कोणते चित्र मोठे करून लावावे, असा या तरुणापुढे प्रश्न आहे. तो प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणूनच त्याची चर्चा येथे करीत आहोत.

पहिल्या चित्रात काय बिघडले आहे, ते नेमके सांगितले पाहिजे. नुसते ‘भडक’ म्हणून भागणार नाही. एक, त्याची पार्श्वभूमी. खरे आकाश, अगदी रानातलेसुद्धा, पूर्ण काळे नसते. पार्श्वभूमी शाईसारखी करावयाची म्हणजे एका मर्यादेखालचा सारा प्रकाश कापून टाकावयाचा. त्या कापण्यात शहराच्या उजेडाबरोबर तेजोमेघाचे सर्वांत कोवळे, दूरवर पसरलेले पंखही गेले आहेत. सहा तास जागून जे गोळा केले, त्यातलेच काही मालकाने स्वतः फेकून दिले आहे. दोन, ताऱ्यांभोवतालची काळी कडी. आकाशात अशी कडी कोठेही नाहीत. चित्राला धार लावण्याची क्रिया मर्यादेबाहेर गेली की ती उमटतात. तीन, गाभ्याचा जांभळा रंग. ऑक्सिजनचा निळसर हिरवा प्रकाश हा या मेघाचा जन्मजात वर्ण आहे. पण हिरवा रंग आकाशात शोभत नाही अशा समजुतीने तो पुसून काढला आणि उरलेल्यावर लाल-निळ्याची मात्रा वाढवली.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. एम ४२ च्या उत्तरेस एन.जी.सी. १९७७ हा दुसरा एक तेजोमेघ आहे. तो मुख्यतः स्वयंप्रकाशी नाही. जवळच्या ताऱ्यांचा निळसर प्रकाश त्याच्या धुळीवरून परावर्तित होतो. असा परावर्तित प्रकाश सर्व रंगांत विखुरलेला असल्याने काल्हेरच्या या फिल्टरमधून त्याचा अत्यल्प अंशच आत येऊ शकतो. दुसऱ्या चित्रात ती जागा फिकट आहे, आणि तसेच असावयास हवे. पहिल्या चित्रात मात्र ती नीळ घातल्यासारखी निळीशार आहे. तो निळा रंग आकाशातून आलेला नाही, काल्हेरच्या गच्चीवरूनही नाही. तो अन्य कोणाच्या चित्राच्या आठवणीतून, संगणकावर त्या भागाभोवती कुंपण घालून भरलेला आहे. येथे प्रक्रिया संपली आणि रंगकाम सुरू झाले.

यावर एक बळकट आक्षेप येईल, तो टाळता येणार नाही. आक्षेपक म्हणेल, ‘खरा रंग म्हणजे तरी काय? दुर्बिणीतून डोळ्यांना तर हा मेघ राखाडी, फार तर हिरवट धूसर दिसतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना तांबडा रंग जाणवतच नाही. मग तुमचे विटकरी चित्रही तितकेच खोटे नाही का? आणि प्रत्यक्ष हबल दुर्बिणीचे शास्त्रज्ञ तरी काय करतात?’ प्रश्न योग्य आहे. एप्रिल १९९५ मध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबलमधून घेतलेल्या गरुड तेजोमेघातील धूलिस्तंभांचे जगप्रसिद्ध चित्र घ्या. त्यात गंधकाचा प्रकाश तांबड्या, हायड्रोजनचा हिरव्या आणि ऑक्सिजनचा निळ्या रंगाने दाखविला आहे. वस्तुतः गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही प्रकाश तांबडाच. मग हे असत्य म्हणावे काय?

आमच्या मते नाही. नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी रंगवितात, तेव्हा कोणी फसत नाही. कोपऱ्यात रंगांची सूची दिलेली असते. हबलच्या चित्रात रंग बदलले, पण नियम जाहीर केला आणि तो संपूर्ण चित्राला सारखा लावला. जेथे हिरवे आहे तेथे हायड्रोजनचा प्रकाश खरोखरच आहे. रंग ही तेथे भाषा आहे, आणि त्या भाषेचा कोश वाचकाच्या हाती दिलेला आहे. त्याचप्रमाणे पुण्याच्या प्रथमेश जाजू याने मे २०२१ मध्ये पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे रचून चंद्राचे जे चित्र तयार केले, त्यातील निळ्या-तांबूस छटा चंद्राच्या जमिनीतील खनिजांचा भेद उठावाने दाखविण्यासाठी वाढविलेल्या होत्या. छटा वाढविल्या, पण निर्माण केल्या नाहीत. आणि तसे त्याने सांगितलेही. एवढी प्रक्रिया करूनही ते चित्र औचित्य सोडत नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अतिरेक हा प्रक्रियेच्या प्रमाणावरून मोजता येत नाही. याचा पडताळा दुसऱ्या, संयमी चित्रातच मिळतो. कारण तेही निर्दोष नाही. तेजोमेघाच्या गाभ्यात चार तरुण ताऱ्यांचा एक पुंजका आहे. लहान दुर्बिणीतूनही ते चार ठिपके निरनिराळे दिसतात. दुसऱ्या चित्रात मात्र तो सारा भाग पांढऱ्या डागात बुडाला आहे, कारण तीन मिनिटांच्या छायाचित्रात गाभा करपून जातो. त्याने काही सेकंदांची वेगळी छायाचित्रे घेऊन गाभ्यापुरती मूळ चित्रात मिसळली असती, तर प्रक्रिया वाढली असती, पण सत्यही वाढले असते. संयम म्हणजे भिडस्तपणा नव्हे. या चित्रकाराने एका ठिकाणी नको ते केले आणि दुसऱ्या ठिकाणी हवे ते केले नाही. मात्र हा गाभा उलगडताना कडेच्या मंद भागाइतकाच तो मंद करून ठेवू नये. केंद्र तेजस्वी आणि कडा धूसर हे नाते टिकले पाहिजे. ते नाते मोडले की मेघ सपाट होऊन भिंतीवरच्या गालिचासारखा दिसू लागतो.

आमच्या वाचकांना हा अनुभव दुसऱ्या रूपाने ओळखीचा असेल. जुन्या देवळांतील लाकडी मूर्ती सणाआधी चकचकीत ऑइल पेंटने रंगविण्याची हौस आपण पाहिली आहे. रंगाने मूर्ती नवी दिसते खरी, पण कोरक्याने वस्त्राच्या चुण्यांत आणि चेहऱ्याच्या खोलगटीत जी छाया मोठ्या कष्टाने साधली होती, ती रंगाच्या थराखाली गुदमरते. लग्नाच्या अल्बमात वधूचा चेहरा इतका गुळगुळीत करतात, की आईलाच मुलगी परकी वाटावी. खरखर घालविण्याचा अतिरेक झाला की तेजोमेघही असाच मेणाचा होतो.

अलीकडे या प्रलोभनात आणखी एकाची भर पडली आहे. सहस्रावधी चित्रांवरून शिकविलेली संगणकीय साधने आता अंधूक चित्राला क्षणात धार लावतात. जपून वापरली तर ती उपयुक्त आहेत. पण अशा साधनाला तपशील कोठे असावा याचा अंदाज असतो, आणि मात्रा वाढविली की अंदाज आणि पुरावा यांतील सीमारेषा पुसली जाते. २०२३ मध्ये एका मोबाइलने मुद्दाम अंधूक केलेल्या चंद्राच्या चित्रातही विवरे भरून दाखविली, तेव्हा जगभर चर्चा झाली. ज्या चंद्रावर विवरे खरोखरच आहेत, त्याच्या बाबतीत हे घडले. ज्या मेघाची नेमकी घडी पाहणाऱ्याला ठाऊकच नसते, त्याच्या बाबतीत हे ओळखणार कोण?

प्रश्न केवळ रुचीचा असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. आकाशाविषयीचा पुरावा किती जपून वाचावा लागतो, याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतून याच मृगातील तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासिला. तेजोमेघांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे इंग्लंडमधील नामांकित शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. आणि तसे असते तर ती रेषा एका बाजूने विरघळलेली दिसावयास हवी होती. नायगमवालांना ती रेखीव दिसली, आणि १८९१ च्या सुमारास त्यांनी तसे लिहिले. मोठ्या माणसाला जे हवे होते ते दिसले असे सांगणे त्यांना सोपे गेले असते. त्या रेषेचे खरे मूळ १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजन. हाच तो निळसर हिरवा प्रकाश. काल्हेरच्या तरुणाने आपल्या फिल्टरमधून तोच आत घेतला आणि पहिल्या चित्रात, शोभत नाही म्हणून, पुसून टाकला. पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पण तिची शिस्त गच्चीवरच्या माणसालाही घेता येण्याजोगी आहे.

आणि शिस्त सुटली की काय होते, त्याचेही उदाहरण आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यानाने नेपच्यूनची चित्रे पाठविली. ढगांचे तपशील दिसावेत म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांतील निळा रंग उठावदार केला, आणि तसे त्या वेळी नमूदही केले. पुढे चित्रे पाठ्यपुस्तकांत गेली, टीप मात्र मागे राहिली. नेपच्यून गडद निळा आहे असे दोन पिढ्या शिकल्या. २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तो युरेनसपेक्षा किंचितच अधिक निळा, फिकट हिरवट निळा आहे. सूची हरवली की नकाशा खोटा ठरतो, तो असा.

प्रदर्शनात चित्र पाहणारी बहुतेक मुले त्यानंतर गच्चीवर जाऊन दुर्बिणीला डोळा लावतील. पहिले चित्र पाहून गेलेल्या मुलाला दुर्बिणीत राखाडी धूसर डाग दिसेल, आणि आपण फसलो असे त्याला वाटेल. खरे तर त्या क्षणी त्याच्या डोळ्यात साडेतेराशे वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश शिरत असतो. त्या प्रकाशाला फिका ठरविण्याचे काम चित्राने करू नये. दुसरे चित्र पाहून गेलेल्या मुलाला हिरवट गाभ्याची खूण दोन्हीकडे सापडेल. मग डोळ्यांना न दिसणारा तांबडा रंग कॅमेऱ्याला का दिसला, हा प्रश्न तो आपणहून विचारील. विज्ञानाचा आरंभ अशाच प्रश्नातून होतो.

तेव्हा या तरुण कलावंताला आमची सूचना अशी. दुसरे चित्रच लावावे. पण त्याचा गाभा उलगडून आणि पंखांना थोडा अधिक उजेड देऊन. प्रक्रिया पुरी झाली असे वाटल्यावर एक रात्र ते बाजूला ठेवावे, आणि सकाळी मूळ रचलेल्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. जे मुळात अजिबात नाही, ते काढून टाकावे. जे मुळात आहे पण उरले नाही, ते परत आणावे. शक्य तर एकच काळे-करडे मूळ छायाचित्रही शेजारी लावावे, म्हणजे सहा तासांच्या श्रमाने काय साधले ते पाहणाऱ्यास कळेल. आणि खाली न विसरता लिहावे: स्थळ काल्हेर, चार रात्री, सहा तास, दोन रंगांचा फिल्टर, तांबडा म्हणजे हायड्रोजन, निळसर हिरवा म्हणजे ऑक्सिजन.

पाहणाऱ्यांकडेही एक मागणे आहे. कलावंताला भडकपणाकडे ढकलण्यात त्याच्या हौसेइतकाच आपल्या टाळ्यांचाही वाटा असतो. आपण पहिल्या चित्राला शंभर शाबासक्या देतो आणि दुसऱ्याला दोन, तेव्हा पुढच्या वेळी त्याने काय करावे हे आपणच ठरवून टाकतो. गोदामांच्या दिव्यांतून वाट काढून या मुलाने जो प्रकाश घरी आणला आहे, त्याच्याकडे दोन मिनिटे अधिक थांबून पाहावे, खालची ओळ वाचावी, आणि मग अभिप्राय द्यावा.